महापडद्याच्या दारावरच्या कलाबाई

मला कलाबाई आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण असल्या लेखांत शेवटी शेवटी लिहिणाऱ्याला गहिवरून येतं आणि माणूस वरून फणसासारखा पण आतून किती गोड होता वगैरे निघतं. कलाबाई आतूनही गोड नव्हत्या. जवळजवळ तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं आणि मला तसला काही पुरावा मिळाला नाही. मी त्यांना आवडत नव्हतो, याचे पुरावे मात्र रोज मिळायचे.

तेव्हा सुरतेत, मगदल्ल्याच्या रस्त्याला, एका ट्रस्टने महापडद्याचं थिएटर बांधलं होतं. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी गावोगाव पळालेली माणसं परत आली होती, शहर घासूनपुसून लख्ख झालं होतं आणि शेठमंडळींना सुरतेसाठी काहीतरी मोठं करायची हौस आली होती. त्या हौसेतून हा पडदा झाला. सहा मजली इमारत उभी करावी एवढा उंच, आणि थोडा आत वाकलेला. त्यावर नट-नट्यांचे सिनेमे लागत नसत. जंगलं, हिमनद्या, वाळवंटं, समुद्राचा तळ, असले माहितीपट लागत. फिल्मची पट्टी तळहाताएवढी रुंद. चित्र सुरू झालं की खुर्चीत बसलेला माणूस कड्यावरून खाली निघाल्यासारखा हातांनी खुर्ची घट्ट धरायचा.

मी तिथे कार्यक्रम अधिकारी होतो. वडील रेल्वेत असल्यामुळे सुरतेतच वाढलो, मराठी घेऊन एम. ए. केलं आणि त्या एम. ए.चं सुरतेत काय करायचं हे कळत नसताना ही नोकरी मिळाली. चित्रपटांची निवेदनं इंग्रजीत किंवा हिंदीत असत. पांडेसऱ्यात आणि भेस्तानला राहणाऱ्या आपल्या कामगारांसाठी दर रविवारी सकाळी नऊचा मराठी खेळ ठेवावा, ही कल्पना माझी. मूळ आवाज बारीक करायचा आणि मी माइकवर बसून मराठी निवेदन वाचायचं. ते निवेदन मीच लिहीत असे. माझा आवाज बरा होता आणि भाषा त्याहून बरी होती, असं माझं मत होतं. 'निसर्गाचे हे विराट रूप पाहून मानवाचे मस्तक आपोआप नत होते', अशी वाक्यं मी तेव्हा लिहीत होतो.

कलाबाई दारावर असत. खेळ सुरू होण्याआधी झाडू, खेळ सुरू झाला की बॅटरी. शिंदखेड्याकडच्या, विधवा, पन्नाशीच्या आसपासच्या. आधी पांडेसऱ्यात लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या, दम लागायला लागला म्हणून ठेकेदाराने इकडे पाठवलं. बुटक्या, काटक, ट्रस्टने दिलेल्या निळ्या साडीचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. बोलायच्या फक्त अहिराणीत. गुजराती मॅनेजर असो, मुंबईहून आलेला तंत्रज्ञ असो, समोरच्याने समजून घ्यायचं. आश्चर्य म्हणजे सगळे समजून घेत.

पहिला खटका उडाला तो बर्फाच्या चित्रपटावरून. पांडेसऱ्याचे लोक रात्रपाळी करून यायचे. थंड हवा, मऊ खुर्ची; निम्मे लोक पहिल्या पाच मिनिटांत झोपायचे. मी मॅनेजरकडे तक्रार केली, मॅनेजरने कलाबाईंना सांगितलं की कोणाला झोपू द्यायचं नाही. पुढच्या रविवारी मी वरच्या काचेतून पाहिलं, तर हिमनदी पडद्यावरून संथ सरकते आहे, मी तिच्यावर माझं सर्वोत्तम गद्य वाचतो आहे आणि खाली दीडशे माणसं घोरताहेत. कलाबाई भिंतीला टेकून स्वस्थ उभ्या. मग बर्फ संपून रानबैलांचा कळप आला. त्याबरोबर बाई हलल्या आणि रांगेरांगेतून खुर्च्यांच्या पाठीवर बॅटरी आपटत सगळ्यांना उठवत गेल्या. खेळ संपल्यावर मी जाब विचारला. त्या म्हणाल्या, "ह्या बरफमा काय देखानं शे? ना मानूस, ना ढोर."

म्हणजे काय पाहण्यासारखं आणि काय झोपण्यासारखं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी दोन महिने खपून लिहिलेलं निवेदन झोपेच्या वाट्याला गेलं होतं.

दुसऱ्या एका चित्रपटात धबधबा होता. मी त्यावर तीन मिनिटं बोलत असे. एका रविवारी कलाबाई मधूनच जिना चढून वर निवेदनाच्या खोलीत आल्या, माइक चालू असताना दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्हनं बोलनं जरा बंद करा. पानीना आवाज ऐकू येत नई." हे अर्थातच माइकमधून खाली सगळ्यांना ऐकू गेलं. सभागृह हसलं. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. आमचे ऑपरेटर ठाकोरभाई, जे सोळा वर्षं निरनिराळ्या थिएटरांत मशीन चालवून कशालाच हसेनासे झाले होते, तेही मशीनच्या आडून हसले आणि म्हणाले, "साहेब, आ बाईने कोई ना पहोंचे." म्हणजे या बाईपुढे कोणाचं चालायचं नाही. मी त्या दिवसापासून कलाबाईंशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं. त्यांनी ते कधीच ठरवलेलं होतं.

मग दिवाळीच्या सुमारास 'तापीपट' आला. खरं नाव मोठं आणि संस्कृत होतं, पण आम्ही सगळे त्याला तापीपटच म्हणायचो. आपल्याच मुलखातला पहिला महापडद्याचा चित्रपट. सातपुड्याच्या कड्यांवरून कॅमेरा उडत येतो, तापीच्या पात्रावर उतरतो, मग नदीकाठचं गाव, तिथलं जगणं, पुन्हा उड्डाण, खाली खाली येत सुरत आणि शेवटी समुद्र. गावाच्या भागात दोन मिनिटं कानबाई होती.

मी खानदेशातला नाही, त्यामुळे कानबाई म्हणजे काय ते मला तेव्हा विचारून घ्यावं लागलं होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसवतात. नारळाला देवीचं रूप देऊन, नटवून पाटावर मांडतात. भाऊबंद जमतात, गव्हाच्या पिठाचे रोट करतात, आणि तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. रात्र जागवतात. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात आणि बोळवण करतात. चित्रपटात देवी बसते, दिवे लागतात, बाया गातात, कॅमेरा हळूहळू तिच्या चेहऱ्याजवळ जातो, तो चेहरा सहा मजले उंच होतो, आणि तिथून एकदम गरुड उडतो. पुढे डोंगरच डोंगर. त्या उड्डाणावर माझं एक आवडतं वाक्य होतं: 'आणि आता मानवाचा कोलाहल मागे टाकून आपण निघालो आहोत...'

पहिल्याच रविवारी कलाबाईंनी दारात सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या. "पायमातलं काढा," एवढंच. दोनशे माणसांनी मुकाट्याने काढल्या. मला वाटलं, नव्या गालिच्यासाठी केलं असेल. मी खूश झालो आणि महिन्याच्या अहवालात लिहिलं की मराठी प्रेक्षकांमध्ये स्वच्छतेची जाणीव वाढीस लागली असून पादत्राणे बाहेर ठेवण्याची प्रथा त्यांनी स्वयंस्फूर्तीने सुरू केली आहे. तो अहवाल ट्रस्टींना इतका आवडला की मोठे शेठ स्वतः एका रविवारी पाहायला आले. कलाबाईंनी त्यांनाही दारात थांबवलं. मी मागून धावत आलो, पण तोवर शेठ हसत हसत खाली वाकून बूट काढत होते. आत बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. पडद्यावर देवी आली, पुढच्या चार रांगा हात जोडून उभ्या राहिल्या आणि मागच्या लोकांनी "बसा, बसा" करायच्या ऐवजी तेही उभे राहिले. शेठ मला नंतर म्हणाले की तुमच्या अहवालात हे नव्हतं.

चप्पल न काढणारा त्या इमारतीत मी एकटाच उरलो. मला वरच्या खोलीत जायचं असे, वेगळ्या जिन्याने, तिथे गालिचा नव्हता, देवी नव्हती. तरी मी जिना चढताना कलाबाई माझ्या बुटांकडे पाहायच्या. चेहऱ्याकडे नाही, फक्त बुटांकडे. हे रोज. मला माहीत होतं की बूट काढले तर हे थांबेल, आणि म्हणूनच मी काढत नव्हतो.

जानेवारीत पडद्याची सफाई करायला मुंबईहून माणूस आला. त्या पडद्याला हात लावायचा नसतो. त्याला बारीक भोकं असतात, मागून आवाज यावा म्हणून, आणि वर चंदेरी लेप असतो. त्या माणसाने मला खाली बोलावून पडद्याच्या खालच्या कडेला अंगठ्याएवढा लाल ठिपका दाखवला. कुंकू होतं. ते निघत नाही, असं त्याने सांगितलं. पुसायला गेलं तर लेप जाईल. मी कलाबाईंना बोलावलं आणि आयुष्यात कोणावर ओरडलो नाही एवढा त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मला विचारलं की तापीच्या त्या भागाचं चित्रण कोणत्या महिन्यातलं आहे. मला वाटलं, बाई विषय बदलताहेत. मी म्हणालो, श्रावणातलं, कानबाईचं आहे तर श्रावणातलंच असणार.

"श्रावणमा तापी अशी ऱ्हास का?" त्या म्हणाल्या.

मी पंधरा-वीस वेळा पाहिलेला चित्रपट मी त्या रविवारी पहिल्यांदा नीट पाहिला. देवीमागच्या दारातून नदी दिसत होती. पाणी निळं, उथळ, मध्ये वाळूची बेटं. पलीकडे शेतात कपाशी फुटलेली. श्रावणात तापी लाल गढूळ आणि काठोकाठ असते, हे सुरतेत वाढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. ट्रस्टच्या मंडळींना, चित्रपटाला बक्षीस देणाऱ्यांना आणि मला ते दिसलं नव्हतं. कांड्या भरणाऱ्या बाईला दिसलं होतं.

मी चित्रपट करणाऱ्या कंपनीला पत्र घातलं. कलाबाईंसाठी नाही, त्या चुकीच्या ठराव्यात म्हणून. उत्तर आलं ते छापील शिष्टाचाराचं होतं, पण त्यात सगळं होतं. पावसाळ्यात हेलिकॉप्टर उडवता येत नाही, उजेड मिळत नाही, म्हणून तो प्रसंग हिवाळ्यात मुद्दाम उभा केला होता. एका घरी विनंती करून देवी मांडून घेतली. संध्याकाळी उजेड गेल्यावर मंडळी दुसऱ्या ठिकाणी गेली. बोळवणीचं चित्रण केलेलं नाही. त्या घरच्यांनी नंतर काय केलं याची कल्पना नाही.

हे पत्र मी कलाबाईंना वाचून दाखवलं, आणि कबूल करतो की मला मजा वाटत होती. म्हणालो, बघा, खोटी कानबाई आहे ती. कॅमेऱ्यासाठी मांडलेली. तुम्ही लोकांना चपला काढायला लावता ती खेळातल्या देवीसाठी.

त्या कधी नव्हे त्या माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. "नारय खरा व्हता ना?" त्यांनी विचारलं. "कुंकू खरं व्हतं ना? मंग ती उनी. आते ती बठेल शे."

नारळ खरा होता, कुंकू खरं होतं, म्हणजे ती आली. आणि आता ती बसून आहे. रविवारी एक खेळ, इतर दिवशी तीन तीन, दिवाळीपासून रोज देवी बसते, दिवे लागतात, आणि तिला नदीवर न नेता गरुड उडतो. त्यांचं म्हणणं एवढंच होतं. आणि मग त्यांनी मला एक मागणं घातलं. तीन वर्षांत हे एकच. चित्र नसेल तर नसो, तुम्ही एवढं बोलता, त्यात एक गोष्ट आणखी बोला. "तिले वाजतगाजत तापीवर लई ग्यात. इतलंच बोला."

एक वाक्य. गरुड उडायच्या आधी, श्वास घेण्याएवढी जागा होती तिथे.

मी नाही म्हणालो. माझ्याकडे कारण होतं आणि ते चांगलं होतं: पडद्यावर जे नाही ते निवेदनात येत नाही. माहितीपटात खोटं बोलता येत नाही. तो संबंध प्रसंगच मांडलेला, हे मला ठाऊक असताना मी हे बोललो. खरं कारण धबधब्याचं होतं. ज्या बाईने भर सभागृहात मला बोलणं बंद करायला सांगितलं होतं, ती आता मला बोलायला सांगत होती, आणि हा दिवस मी फार वाट पाहून मिळवला होता.

त्या उठल्या. दारात थांबून, माझ्याकडे न पाहता, त्यांनी स्वतःबद्दल जे काय सांगितलं ते तेवढंच. "मना घरमा बी ती अशीच बठेल ऱ्हाई गयी व्हती." बाकीचं ठाकोरभाईंनी मला सांगितलं. त्यांच्या घरी कानबाई बसलेली असताना, त्याच रात्री नवरा गेला. सुतक लागलं, पाटाला कोणी हात लावला नाही. तेरावा झाल्यावर थोरल्या दिराने तो पाट नारळासकट गुपचूप नदीत टाकला, ना वाजंत्री ना आरती, आणि पांढऱ्या पायाची म्हणून हिला सुरतेची गाडी दाखवली. तेव्हापासून कलाबाई कानबाई बसवत नव्हत्या. कोणाच्या घरचा रोटही त्यांना मिळत नव्हता, कारण त्या कोणाच्या घरच्या राहिल्या नव्हत्या. हे सगळं ऐकूनही मी वाक्य घातलं नाही. एकदा नाही म्हटल्यावर आता हो म्हणायचं तर कमीपणा येईल, असं मला वाटलं.

त्यानंतरचा दीड महिना आमच्यात उघड वैर होतं. त्या माझ्या खोलीचा केर काढेनाशा झाल्या. मी त्यांची हजेरी दोन मिनिटांच्या उशिरासाठी कापली. त्यांनी माझा चहा जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवायला सुरुवात केली, वर येईपर्यंत निवायचा. रविवारी कानबाईच्या प्रसंगाला त्या पडद्याच्या कडेला जाऊन उभ्या राहायच्या आणि प्रसंग संपून माझं वाक्य सुरू झालं की वर काचेकडे पाहायच्या. मी मुद्दाम सावकाश वाचायचो.

होळीच्या आधीच्या आठवड्यात तापीपट उतरायचं ठरलं. रविवारचा मराठी खेळ शेवटचा, सोमवारी फिल्मचे डबे दुसऱ्या शहराला जाणार. शनिवारी कलाबाई ठाकोरभाईंना विचारून गेल्या की एकदा डबे बंद झाल्यावर ते परत कधी उघडतात. ठाकोरभाई म्हणाले, कोण जाणे, गोदामात पडून राहतात कधी कधी. मला ठाकोरभाईंनी हे सांगितलं आणि माझ्याकडे जरा थांबून पाहिलं. मी निवेदनाचे कागद लावत होतो.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. बायका नेहमीपेक्षा जास्त होत्या, ते माझ्या नंतर लक्षात आलं. खेळ सुरू झाला, सातपुडा झाला, तापी आली, गाव आलं, देवी बसली. मी काचेतून पाहत होतो. पुढच्या दारातून कलाबाई आत आल्या. निळी साडी नव्हती, हिरवं लुगडं होतं. डोक्यावर पाट होता, पाटावर नटवलेला नारळ. त्या पहिल्या रांगेसमोरून चालत पडद्याच्या मधोमध गेल्या. वर सहा मजले देवीचा चेहरा, आणि खाली त्याच्या उजेडात ही बुटकी बाई. माझा माइक चालू होता पण मी थांबलो होतो, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकू आलं. मोठ्याने नव्हतं, निघायची वेळ झाली म्हणून माहेरवाशिणीला उठवावं तसं होतं.

"चाल माय. टाईम व्हयना."

आणि त्या वळल्या. पहिल्या रांगेतल्या बाया उठल्या. दुसरी रांग उठली. मग पुरुष उठले, झोपलेल्यांना शेजाऱ्यांनी उठवलं, आणि दोन्ही दारांतून सगळे बाहेर निघाले. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. बाहेर कुठेतरी ढोल सुरू झाला; तोही ठरवून आणलेला होता. तेवढ्यात पडद्यावर गरुड उडाला. समोर कागद होता, त्यावर वाक्य होतं, आणि माझ्या जिभेला तीन वर्षांची सवय होती. मी वाचलं, "आणि आता मानवाचा कोलाहल मागे टाकून आपण निघालो आहोत." खाली एकही माणूस नव्हता. मी शेवटपर्यंत वाचलं. समुद्रसुद्धा वाचला.

ठाकोरभाईंनी मशीन बंद केलं आणि ते खाली गेले. मी पुढच्या दाराने बाहेर आलो तेव्हा दारात दोनशे जोड चपलांचा ढीग होता. रबरी, प्लास्टिकच्या, टाचा झिजलेल्या, एकीला सुतळीचा अंगठा. सगळे लोक अनवाणी मगदल्ल्याला तापीवर गेले होते, जिथे ती समुद्राला मिळायला निघते आणि पलीकडे हजीऱ्याच्या कारखान्यांच्या ज्वाळा दिसतात. तिथे आरती झाली, बोळवण झाली, असं ठाकोरभाईंनी सांगितलं. ते गेले होते. मी त्या ढिगाजवळ बूट घालून उभा होतो. तासाभराने लोक परतले, आपापल्या चपला शोधून घालून गेले. माझ्याशी कोणी भांडलं नाही, आणि मला तर कोणीतरी भांडायला हवं होतं.

ट्रस्टने मराठी खेळ बंद केला. कलाबाईंना काढल्याचं पत्र मला लिहावं लागलं, म्हणजे लावलं नाही कोणी. मॅनेजर लिहिणार होता, मी म्हणालो, माझ्या विभागाचं आहे, मी लिहितो. 'शिस्तभंग' हा शब्द मी वापरला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही दाखवलं. त्यांनी बॅटरी टेबलावर ठेवली, माझ्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि गेल्या. तो कुंकवाचा ठिपका मात्र राहिला. एरवी दिसायचा नाही. पण पुढे बर्फाचा चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा त्या पांढऱ्याशुभ्र हिमनदीत, अगदी खाली, तो लाल दिसायचा. लोक विचारायचे, ते काय आहे. मी म्हणायचो, पडद्याचा दोष आहे.

मराठी खेळ नाही तर मराठी अधिकारी कशाला, हे ट्रस्टच्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. मी पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसच्या कचेरीत पत्रव्यवहार पाहायला लागलो. तिथे कोणी माझा आवाज ऐकत नव्हतं. मशीनं चालू असली की कोणाचाच ऐकू येत नसे.

पुढच्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. सोमवारची सकाळ, मी कचेरीला निघालो होतो आणि रस्ता अडलेला. ढोल, गुलाल, फुगड्या. पांडेसऱ्यातल्या घराघरांतल्या कानबाया निघाल्या होत्या. टेम्पोवाले हॉर्न वाजवून थकून खाली उतरले होते. मी पानाच्या टपरीच्या आडोशाला उभा राहिलो. बायांची रांग जात होती, प्रत्येकीच्या डोक्यावर पाट. त्यांत कलाबाई होत्या. त्याच हिरव्या लुगड्यात. डोक्यावर पाट, त्यावर नवा नारळ, आणि दोन्ही बाजूंना चार-चार बाया, ज्या त्यांच्या भाऊबंदांतल्या नव्हत्या हे मला माहीत होतं. त्यांतल्या दोघींना मी रविवारच्या खेळाला पहिल्या रांगेत पाहिलं होतं. म्हणजे बाईंनी कानबाई पुन्हा बसवली होती, रोट केला होता, आणि तो खायला घरची माणसंही केली होती.

त्यांनी मला पाहिलं. हसल्या नाहीत, थांबल्या नाहीत. नजर सरळ खाली माझ्या पायांकडे गेली.

मी वाकलो. रागानेच वाकलो, हेही सांगतो. भर रस्त्यात, एवढ्या लोकांसमोर, या बाईने पुन्हा मला वाकायला लावलं म्हणून. पावसात भिजून बुटांच्या नाड्या घट्ट बसल्या होत्या. एकीची गाठ नखाने सोडवली, दुसरीची सुटेना, शेवटी बूट तसाच ओढून काढला. दोन्ही बूट हातात घेऊन उभा राहिलो तोवर कलाबाई वळणावरून गेल्या होत्या आणि मागच्या कोणाच्या तरी पाटावरचा नारळ तेवढा दिसत होता.

तेव्हा मी ते वाक्य म्हटलं. निवेदनात म्हणतो तसं, सावकाश, स्पष्ट: "आणि दुसऱ्या दिवशी तिला वाजतगाजत तापीवर नेलं." ढोल अजून वाजत होते. टपरीवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "क्या बोला, साहब?"

कुछ नहीं, म्हणालो, आणि त्याच्या फळीवर बसून पुन्हा बूट घालायला लागलो.